जातीलुविह: जिथे लावणीची तारीख एकटा शेतकरी ठरवत नाही

बालीला जाऊन आलेल्या गोंयकाराच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. हिरव्यागार पायऱ्या, मागे ढगात डोके घातलेला डोंगर, कडेला नारळाची चार झाडे. बहुतेक वेळा तो जातीलुविहचा असतो आणि काढणाऱ्याला गावाचे नाव आठवत नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टूरवाले तिथे तासभर देतात, त्यात जेवणही उरकायचे असते. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी पाटाचे पाणी वळवले आहे, त्याला या पायऱ्या बघून वेगळाच प्रश्न पडायला हवा. एवढ्या उतारावर सगळ्यात खालच्या कुणग्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, पाणी पोचते कसे? आणि वरचा माणूस ते खाली सोडतो तरी कशासाठी?

गाव ताबानान जिल्ह्यात, पनेबेल तालुक्यात. बातुकारू डोंगराच्या दक्षिण अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. बातुकारू २,२७६ मीटर उंच, बालीत आगुंगच्या खालोखाल. शांत झालेला ज्वालामुखी, माथ्यावर अजून दाट रान. हे रानच पाणी धरून ठेवते. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्याकडे वायंगणाची, हिवाळी भाताची, तयारी चालू असते तेव्हा तिकडे पावसाळा सुरू होतो. गावची भातशेती सुमारे ३०० हेक्टर, आणि ती सगळी एकाच सुबाकच्या कारभाराखाली.

सुबाक म्हणजे एका उगमाच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्यांची संघटना. ही काही अलीकडची सहकारी सोसायटी नव्हे. बालीतल्या अकराव्या शतकातल्या लेखांत तिचा उल्लेख सापडतो, आणि पाण्याचे बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा तर त्याच्याही आधीच्या. युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा यादीत घातली ती पाच ठिकाणे मिळून सुमारे १९,५०० हेक्टरची सुबाक व्यवस्था. जातीलुविह त्यातला एक तुकडा. बालीभर अशा सुमारे १,२०० संघटना आहेत आणि एकेकीत ५० ते ४०० शेतकरी असतात, असे युनेस्कोच्या नोंदीतच म्हटले आहे. थोडक्यात, फोटोतल्या पायऱ्या हे या व्यवस्थेचे दिसणारे अंग. न दिसणारे अंग जास्त कामाचे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

पाणी वाटणारे लाकूड

डोंगरातून येणाऱ्या ओहोळावर वर कुठेतरी बांध घातलेला असतो. तिथून पाणी मोठ्या पाटाला लागते. मध्ये डोंगराची सोंड आडवी आली तर बोगद्यातून पलीकडे जाते. पुढे पाट फुटत फुटत लहान होत जातो, आणि जिथे जिथे तो फुटतो तिथे तेंबुकू बसवलेला असतो. तेंबुकू म्हणजे पाटात आडवा टाकलेला लाकडी ओंडका, ज्याच्या वरच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी तो काँक्रीटचा असतो. पाणी ओंडक्यामागे तुंबते आणि खाचांतून पुढे पडते. ज्या फाट्याला जेवढी रुंद खाच, त्याला तेवढे पाणी.

खाचेची रुंदी मोजतात तेकतेकमध्ये. एक तेकतेक म्हणजे अमुक सेंटिमीटर असे बालीभर ठरलेले माप नाही. प्रत्येक सुबाकने आपले ठरवलेले. बाहेरच्या माणसाला हे अडाणीपणाचे वाटते. पण त्यात अडत काहीच नाही, कारण इथे लिटर मोजायचे नसतात, हिस्सा मोजायचा असतो. समजा पाटात २० तेकतेक पाणी येते आणि पुढे १०, ६ आणि ४ तेकतेकच्या तीन खाचा आहेत. पावसाळ्यात पाणी दुप्पट झाले तरी आणि कडक उन्हाळ्यात निम्मे झाले तरी वाटणी तीच राहते. पाणी कमी झाले म्हणून कोणी येऊन पुन्हा हिशेब मांडत बसत नाही, टंचाई आपोआप सगळ्यांत त्याच प्रमाणात वाटली जाते. मीटर नाही, वीज नाही, पंपचालक नाही.

आता यात बिघडते काय ते बघा, कारण कारागिरी तिथेच आहे. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत असला पाहिजे. ओंडका एका बाजूने बोटभर खचला की त्या बाजूची खाच जास्त पाणी ओढते, आणि पाटात पाणी थोडे असेल तेव्हा हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. दुसरे, पाणी ओंडक्यापाशी संथ आणि सरळ आले पाहिजे. पाट वळणावर असेल तर पाणी बाहेरच्या कडेला रेटा देते आणि त्या बाजूच्या शेतकऱ्याचे फावते. म्हणून तेंबुकूच्या आधीचा थोडा पाट सरळ आणि रुंद ठेवायचा असतो. तिसरे, गाळ. ज्वालामुखीच्या डोंगरातले पाणी वाळू घेऊन येते, ती ओंडक्यामागे साचत जाते, पाणी उथळ होते आणि जोरात धावू लागते, की मग प्रमाण बिघडले. गाळ उपसणे हे म्हणून स्वच्छतेचे काम नाही, वाटणीचेच काम आहे. आणि चौथे कारण सांगायला नको: रात्रीच्या वेळी शेजाऱ्याच्या खाचेत जाऊन बसलेला दगड. ते जगभर सारखेच.

तेंबुकू उघड्यावर असतो आणि खाचा कोणालाही मोजता येतात, ही यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. येता-जाता दिसते कोणाच्या वाट्याला काय चालले आहे. आपल्याकडे कालव्याच्या गेटची किल्ली एका माणसाच्या खिशात असते, आणि बाकीचे त्याला फोन करत बसतात.

प्रत्येक शेताला पाटातून स्वतःचे तोंड असते आणि निचऱ्याच्या पाण्याला वेगळी वाट असते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. आपल्याकडच्या मळ्यांत बऱ्याचदा पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरते. त्यात वरच्याने खत टाकले की ते खालच्याकडे वाहून जाते, आणि वरच्याला कापणीसाठी शेत सुकवायचे असेल तर खालच्याच्या उभ्या पिकात पाणी घुसते. सुबाकमध्ये शेतातून निघालेले पाणी निचऱ्याच्या पाटाला लागते आणि खाली दुसरा कोणी सुबाक तेच पाणी पुन्हा अडवून वापरतो. शेत पाटापासून फार लांब असेल किंवा माती वाळूची, पाणी पिणारी असेल, तर खाच थोडी रुंद करून देतात. तो निर्णय बैठकीत होतो, पाटावर भांडून नाही.

सगळ्यांची लावणी एकदम

पाण्याची वाटणी हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे वेळ. पाणी शेतात कधी घ्यायचे, तरवा कधी घालायचा, लावणी कोणत्या पंधरवड्यात, या तारखा सुबाकच्या बैठकीत ठरतात. पकासेह म्हणजे सुबाकचा प्रमुख. त्याला सभासद निवडतात. सुबाकचे पोटभाग म्हणजे तेंपेक. जातीलुविहमध्ये असे सात आहेत. एकदा तारीख ठरली की मला यंदा जरा उशिरा लावायचे आहे, मुलगा सुट्टीत येणार आहे, हे चालत नाही.

हे असे का, ते किडीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. भातावरचा तपकिरी तुडतुडा महिनाभरात एक पिढी पुरी करतो. खोडकिडा, उंदीर यांचेही गणित तेच: उभे पीक असेल तोवर खायला आहे, खायला असेल तोवर वाढ आहे. दीड-दोनशे हेक्टरांत सगळ्यांनी एकदम कापणी केली आणि शेते काही आठवडे नुसती पाण्याखाली किंवा मोकळी ठेवली, तर किडीला बसायला जागाच उरत नाही. एका-दोघांनी करून भागत नाही. तुडतुड्याला पंख असतात, तो शेजारच्या उभ्या पिकात जातो आणि तुम्ही लावणी केली की परत येतो. म्हणजे कीड मारण्याचे हे सर्वांत स्वस्त औषध एकट्याला विकत मिळत नाही. ते सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी घ्यावे लागते.

पण सगळ्यांनी एकदम लावायचे म्हटले की पाणी पुरत नाही, कारण भाताला सर्वांत जास्त पाणी चिखलणीच्या वेळी लागते. इथेच गाडे अडते. गट जेवढा मोठा, तेवढी कीड कमी. पण तेवढीच एका वेळी पाण्याची ओढ जास्त. त्यावर तोडगा म्हणजे पाळी: आधी वरचा गट, दोनेक आठवड्यांनी मधला, मग खालचा. प्रत्येक गटात मात्र सगळे एकदम.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. वरच्या माणसाला पाण्याची भीती नसते, पाणी त्याच्या दारातच येते. त्याला भीती किडीची. खालच्या माणसाला किडीपेक्षा पाण्याची काळजी. वरच्याने पाणी अडवले तर खालचा ठरलेल्या वेळी लावणी करू शकत नाही. तो उशिरा लावतो, आणि त्याच्या उशिराच्या पिकात पोसलेली कीड वर चढते. म्हणून वरचा पाणी सोडतो. त्यात देवभीरूपणा असेलच, पण नुसता देवभीरूपणा शेकडो वर्षे पाणी खाली उतरवू शकला असता असे वाटत नाही. स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थाशास्त्रज्ञ यांनी ओस आणि पतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचे संगणकी प्रारूप केले होते. प्रत्येक सुबाकने शेजाऱ्यांपैकी ज्याचे पीक चांगले त्याचे वेळापत्रक उचलायचे, एवढाच नियम घातला. थोड्याच फेऱ्यांत जे गट तयार झाले ते प्रत्यक्षातल्या जलमंदिरांच्या गटांशी बरेचसे जुळले.

जलमंदिरे हा शब्द वाचून आपल्याकडचे लोक लगेच हळवे होतात. भाताची देवता देवी श्री, नैवेद्य, शेताच्या कोपऱ्यातली बांबूची देवळी, सगळे ओळखीचे वाटते. वाटू दे. पण त्यातला व्यवहार सुटता कामा नये. पाणी पाटात घेण्याआधी एक विधी, पहिली माती फोडताना एक, भात गाभोळी आला की एक, कणसे कोठारात गेली की एक. प्रत्येक विधीची तारीख ही शेतीच्या पुढच्या टप्प्याची जाहीर सूचना असते. लहान देऊळ एका सुबाकचे, मोठे देऊळ अनेक सुबाकांचे. म्हणजे खालच्या देवळात तेंपेकांचे वाद मिटतात आणि वरच्या देवळात सुबाकांचे. बातुकारूच्या अंगाखांद्यावर लुहूर बातुकारू हे मुख्य देऊळ, त्याच्या जोडीला पेताली, बेसीकालुंग, मुंचाकसारी आणि तांबा वारास.

लाल भात आणि त्याचे वर्ष

जातीलुविहची ओळख म्हणजे तिथला लाल भात. उंच, देशी वाण. तयार व्हायला पाच-सहा महिने घेतो. साधारण जानेवारीच्या आगेमागे लावणी, जून-जुलैत कापणी. दुसऱ्या हंगामात लवकर येणारा पांढरा भात, साडेतीन-चार महिन्यांचा, किंवा भाजी-कडधान्य. पहिल्या हंगामात लाल भातच, हे सामुदायिक बंधन आहे. दुसऱ्या हंगामात थोडी मोकळीक. आपल्याकडे सरद (पावसाळी) आणि वायंगण या दोन हंगामांत जशी वाणे बदलतात तसेच, फक्त ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे त्यात फरक.

देशी वाण उंच असल्याने खत जास्त झाले की आडवे पडते. म्हणून युरियाचा हात सैल सोडणाऱ्याचे इथे नुकसानच होते. चिखलणीला पूर्वी बालीची तांबूस गुरे, आता बहुतेक ठिकाणी हात-ट्रॅक्टर. पायऱ्या अरुंद असल्याने मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही, शिरला तर बांध मोडतो. चिखलणीचे काम नुसते माती मऊ करण्याचे नाही. पायाखाली घट्ट थर तयार झाला पाहिजे, नाहीतर पाणी खाली झिरपते आणि उतारावरची पायरी आतून पोकळ होऊन एक दिवस खालच्या शेतात बसते. बांधाची कड दर हंगामाला तासून वर ताजा चिखल लिंपायचा, खेकड्यांची आणि उंदरांची बिळे तेव्हाच बुजवायची. हे काम चुकवले की त्याचा परिणाम त्या हंगामात दिसत नाही, पुढच्या मोठ्या पावसात दिसतो.

लाल भात कापायचे जुने हत्यार म्हणजे आनी-आनी. लाकडाच्या लहानशा पट्टीत बसवलेले पाते, तळहातात मावते. पट्टी मुठीत धरायची, बोटांनी एक कणीस पात्यावर ओढायचे, कट. मग दुसरे. विळ्याने एक पेंढी बांधून होईल तेवढ्या वेळात इथे मूठभर कणसे होतात. देवी घाबरू नये म्हणून पाते लपवून धरायचे, असे सांगतात. शेतीच्या अंगाने बघितले तर देशी भात एकसारखा पिकत नाही, पिकलेले कणीस घ्यायचे आणि हिरवे दोन दिवस ठेवायचे ही सोय यात आहे. शिवाय बियाण्याची निवड कापतानाच होते आणि लांब दांड्यासकट कणसांच्या जुड्या बांधून वाळवता येतात. जुड्या मग जिनेंगात जातात. जिनेंग म्हणजे खांबांवर उभे केलेले भाताचे कोठार, वर वाकदार गवती छप्पर. आता विळा आणि मळणी यंत्र आले आहे, पण आनी-आनी पूर्णपणे गेलेली नाही.

कापणी झाली की बदके. एक माणूस शंभरभर बदके घेऊन येतो, शेतात टोकाला फडके बांधलेली काठी रोवतो आणि निघून जातो. बदके त्या काठीच्या आसपासच दिवसभर चरतात: सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे. संध्याकाळी माणूस काठी उपटतो आणि बदके तिच्या मागे रांगेत घरी. फुकट खत, फुकट कीडनियंत्रण, वर अंडी. पण यालाही पुन्हा तीच अट आहे, आजूबाजूची शेते एकाच वेळी मोकळी असली पाहिजेत. नाहीतर बदके शेजाऱ्याच्या ताज्या लावणीत.

सभासद कोण?

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नियम साधा आहे. सुबाकचा सभासद कोण, तर ज्याची जमीन त्या पाण्यावर भिजते तो. तो राहतो कुठे, जन्मला कुठल्या घरात, याला किंमत नाही. देवळाचे गाव वेगळे, वस्तीचा बंजार वेगळा आणि सुबाक वेगळा. एकाच माणसाची शेते दोन पाण्यांवर असतील तर तो दोन सुबाकांत असतो. जमीन विकली की सभासदत्व गेले. कामाला यायला जमत नसेल तर ठरलेली रक्कम किंवा भात भरायचा. पाट सफाईला गैरहजर राहिला, पाणी चोरले, तर दंड. हे सगळे आविग-आविग नावाच्या लेखी नियमांत असते, आणि ते नियम सुबाकने स्वतः केलेले असतात.

गोव्यातल्या आपल्या गांवकारीशी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेशी, हे ताडून बघा. गांवकारी कमी जुनी नाही. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने तिच्या रीतिरिवाजांची नोंद केली तेव्हा ती आधीपासून चालूच होती. खाजनांचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध, मानशीची (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारी) दारे, पोंयीतला (मानशीजवळच्या तळ्यातला) गाळ, सगळे तिच्या पैशातून आणि देखरेखीखाली होत असे. पण गांवकार हा जन्माने, पुरुषाच्या वंशातून. तो शेतात पाय घालो न घालो, झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्याला मिळणार. कसणारा वेगळा. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि मग १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे व्हायलाच हवे होते. पण बांध सांभाळायची जबाबदारी ज्या कूळ संघांवर आली त्यांपैकी कित्येकांकडे पैसा नव्हता आणि दंड करायची धमकही नव्हती. मानशीचा लिलाव मासळीसाठी होतो. घेणाऱ्याला दार उघडे ठेवण्यात फायदा, भातवाल्याला बंद ठेवण्यात. दोघांना एका बैठकीत बसवणारी सत्ता राहिली नाही. खारे पाणी दोन-तीन वर्षे शेतात राहिले की कोरगूट हा खारे पाणी सोसणारा देशी भातसुद्धा हात टेकतो.

पडीक शेताचेही तेच. शेजारचे पाच कुणगे पड असले की सहाव्याने कितीही राबावे, उंदीर, डुक्कर आणि तण त्याच्याच वाट्याला येते. गोव्यात शेतीला माणूस मिळत नाही ही ओरड खरी आहे, पण माणूस मिळाला तरी तो एकटा काय करणार?

सत्तरच्या दशकात काय झाले

सुबाक मोडायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. सत्तरच्या दशकात इंडोनेशिया सरकारने भाताचे उत्पादन वाढवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. लवकर येणारी नवी वाणे, कर्जावर खत आणि औषध, आणि सल्ला असा की जमेल तितक्या वेळा लावा, शेजाऱ्यासाठी थांबू नका. उत्पादन आधी वाढले. मग वेळापत्रक फुटले, शेतात बाराही महिने कुठे ना कुठे उभे पीक राहू लागले आणि तपकिरी तुडतुडा फोफावला. त्याला दाद न देणारे आयआर ३६ हे वाण आले, पण दुसरा रोग, टुंग्रो, आ वासून उभाच होता. फवारणीने तुडतुड्यापेक्षा त्याला खाणारे कोळी जास्त मेले. तुडतुड्याची अंडी भाताच्या देठाच्या आत असतात, तिथे औषध पोचत नाही. शेवटी १९८६ साली सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. बालीत तोवर बरेच सुबाक आपल्या जुन्या तारखांकडे परतू लागले होते.

खताबाबतही थोडे तसेच झाले. ज्वालामुखीच्या खडकातून येणारे पाणी स्फुरद आणि पालाश आपल्यासोबत घेऊन येते. त्यावर वर्षानुवर्षे पोत्यातले खत ओतले, ते वाहत समुद्रात प्रवाळापर्यंत गेले.

पैसा दुसऱ्या पाटाने

आजची अडचण वेगळी. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जातीलुविहला उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतले. गर्दी वाढली, शेताच्या कडेला उपाहारगृहे उभी राहिली, त्यातली काही शेतकऱ्यांचीच. २०२५ च्या अखेरीला नियम मोडून बांधलेल्या काही बांधकामांना सरकारने टाळे लावले, तेव्हा शेतकऱ्यांनी निषेध म्हणून शेतात चक्क पत्रे उभे केले. ऊन पडले की पत्रा चमकतो आणि फोटो बिघडतो. पर्यटक ज्यासाठी येतो नेमकी तीच गोष्ट त्यांनी झाकली.

बाजू कोणाची बरोबर हा वाद घालता येईल. बांधकामे हटली नाहीत तर पाट तुटतील हे खरे, आणि नुसते भात पिकवून मुलांची शिक्षणे होत नाहीत हेही तितकेच खरे. मला खटकते ते असे: पाणी तेकतेकने वाटले जाते, पण पर्यटकांच्या प्रवेश-तिकिटाचा पैसा तेकतेकने वाटला जात नाही. पाण्याचा हिस्सा रस्त्यावरून दिसतो, तिकिटाचा हिशेब दिसत नाही. देखावा मात्र तीनशे हेक्टरांतला प्रत्येक जण राखतो, रस्त्यापासून लांब असलेला, ज्याच्या शेतात कधी पर्यटक फिरकत नाही तोसुद्धा.

जाणार असाल तर

आपले लोक मे महिन्यात जातात. त्या वेळी लाल भात कणसावर असतो, पिवळसर होऊ लागलेला. फोटोतल्या हिरव्यासाठी फेब्रुवारी-मार्च बरा, पण पाऊस अंगावर घ्यावा लागेल. जुलैअखेरीस गेलात तर धसकटे, चिखल आणि बदके दिसतील. शेती बघायची तर खरे म्हणजे हेच दिवस.

बालीची राजधानी डेनपासारहून गाडीने दीड-दोन तास. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर बातुकारूवर ढग बसतात. शेतातून फिरायच्या वाटा आखलेल्या आहेत, त्या सोडून बांधावर चढू नका. कडेचा चिखल ताजा असेल तर एका पावलाने ढासळतो आणि तो माणूस संध्याकाळी पुन्हा लिंपत बसतो. पाटाच्या कडेने चालत गेलात तर तेंबुकू दिसेल. त्यात अडकलेले पान काढायचा मोह झाला तरी हात लावू नका, ते काम ज्याच्या पाळीचे आहे त्याचे.

तिथे लाल तांदळाचा चहा मिळतो. चहा म्हणजे तांदूळ कोरडेच भाजून, खमंग वास सुटला की गरम पाण्यात टाकलेले. तांदूळ विकत घ्यायचे असतील तर कोंडा जास्त न काढलेले घ्या, लाल रंग कोंड्यातच असतो. हे आपल्या उकड्यासारखे उकडलेले नसतात, कच्चेच कांडलेले असतात. म्हणून घरी आणल्यावर तास-दीड तास भिजवा, अडीचपट पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. पेजेला बरे लागतात. हुमणासोबत (माशांच्या कढीसोबत) मात्र आपला उकडाच.